वैखरीच्या पूर्वीं

पतंजलीच्या महाभाष्यांत 'नासिका' ह्या शब्दापासून होणाऱ्या रूपांची एके ठिकाणीं चर्चा आली आहे. नासिकेच्या जागीं 'नस्' असा आदेश कोठें होत नाहीं, हें सांगतांना दोन उदाहरणें दिलेलीं आहेत : एक नासिक्य वर्ण, म्हणजे नाकांतून उच्चारला जाणारा वर्ण, आणि दुसरें नासिक्य नगर. हें नगर म्हणजे गोदातीरचें आपलें नाशिकच, असें विद्वान् मानीत आले आहेत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं एका गांवाला व्याकरणशास्त्रांत वर्णाच्या मांडीला मांडी लावून बसण्याचा मान मिळावा, ही गोष्ट कौतुकाची खरी. परंतु ती आम्ही येथें काढली ती गांवाच्या अभिमानासाठीं नव्हे. ज्या वर्णानें ह्या गांवाशीं नांव वांटून घेतलें आहे, त्याच वर्णांत एक मोठें कोडें दडलेलें आहे.

अंगण, चंचल, अंडें, अंत, अंबर हे शब्द वाचकांनीं सावकाश उच्चारून पाहावे. लिहिण्यांत बिंदु एकच. पण पहिल्या शब्दांत तो कंठाशीं, दुसऱ्यांत तालूशीं, तिसऱ्यांत मूर्ध्याशीं, चवथ्यांत दांतांशीं आणि पांचव्यांत ओठांशीं उच्चारला जातो. 'अंबर' म्हणतांना बिंदूच्या वेळीं ओठ मिटतात ते कोणासाठीं? पुढें येणाऱ्या 'ब'साठीं. म्हणजे 'ब' अजून तोंडांत आलेला नाहीं, तोंच त्याच्या स्वागताची तयारी झालेली आहे. वैयाकरण ह्याला परसवर्ण म्हणतात. ही केवळ मुखाची सोय आहे, असें कोणी म्हणेल. असेलहि, पण सोय करावयाची तर कोण येणार आहे हें आधीं कळावें लागतें. मुखाला तें कळत नाहीं. तें कळणारा दुसरा कोणी तरी आहे, आणि तो मुखाच्या पुढें कांहीं पावलें चालत असतो.

तेव्हां प्रश्न असा कीं, शब्द मुखावाटे बाहेर पडण्यापूर्वीं त्याचे वर्ण कोठें, कोणत्या क्रमानें आणि किती आधीं सिद्ध होतात? हा प्रश्न शरीरशास्त्राचा आहे, वाङ्मयाच्या मासिकांत त्याचें काय काम, असा आक्षेप येईल. आमचें म्हणणें असें कीं, आपल्या काव्यटीकेचे निदान दोन मोठे निवाडे ह्या प्रश्नाच्या एका न तपासलेल्या उत्तरावर उभे आहेत. पहिला निवाडा : अनुप्रास, यमक वगैरे शब्दालंकार हे अर्थावर मागाहून चढविलेले दागिने होत. दुसरा : अर्थ न जाणतां केलेलें पाठांतर म्हणजे पोपटपंची होय. दोन्ही निवाड्यांच्या पोटीं समजूत एकच आहे. ती ही कीं, अर्थ आधीं संपूर्ण तयार होतो, आणि ध्वनि हा त्याचा केवळ हुजऱ्या. हुकूम होतांच धांवून येणारा. ही समजूत कितपत टिकते, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

आपल्याकडे ह्या विषयाचा विचार झालाच नव्हता असें नाहीं. परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी ह्या चार वाणींचीं नांवें कीर्तनाला बसणाऱ्या प्रत्येकाच्या कानांवरून गेलेलीं असतात. पाणिनीय शिक्षेंत तर बोलण्याची क्रिया पायरीपायरीनें सांगितली आहे : आत्मा बुद्धीच्या साह्यानें सांगावयाचे विषय जमवितो, बोलण्याच्या इच्छेनें मनाला कामास लावतो, मन शरीरांतील अग्नीला डिवचतें, अग्नि वायूला प्रेरणा देतो, आणि वायु वर चढून मुखांत वर्ण उत्पन्न करतो. ह्या वर्णनाचे गुण आणि दोष दोन्ही स्पष्ट आहेत. बोलणें ही एक क्रिया नसून अनेक पायऱ्यांची साखळी आहे, हें त्यानें ओळखलें, हा गुण. मुखांतील स्थानें आणि प्रयत्न ह्यांची प्राचीनांनीं केलेली विभागणी तर इतकी चोख होती कीं, एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय ध्वनिशास्त्रज्ञांनीं तिच्यापासून धडे घेतले. दोष हा कीं, साखळीची मधली कडी रिकामी राहिली. मनानें 'पोळी' म्हणावयाचें ठरविलें आणि वायु मुखांत आला. पण 'प'च्या मागून 'ओ' आणि त्याच्या मागून 'ळ' येण्याची व्यवस्था कोणीं लावली? अग्नि आणि वायु ह्यांना क्रम कळत नाहीं. मध्यमा वाणींत क्रम असतो, असें भर्तृहरीच्या परंपरेनें म्हटलें आहे, आणि तें म्हणणें मार्मिक आहे. तथापि क्रम असतो हें सांगणें वेगळें आणि तो कसा लागतो हें उलगडणें वेगळें.

उलगड्याचा पहिला धागा हातीं लागला तो चुकांवरून. व्हिएन्ना येथील भाषाशास्त्रज्ञ मेरिंगर आणि डॉक्टर मायर ह्या दोघांनीं १८९५ सालीं बोलण्यांतील चुकांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यांची उदाहरणें जर्मन भाषेंतील आहेत. आपण घरचें घेऊं. घाईंत 'पोळी-भाजी' म्हणावयास जाऊन एखाद्याच्या तोंडून 'भोळी-पाजी' निघतें आणि पंगतींत हंशा पिकतो. हंशा ओसरल्यावर त्या चुकीकडे नीट पाहावें. 'भाजी'तला 'भ' हा 'पोळी'च्या आरंभीं आला. म्हणजे पहिला शब्द उच्चारण्यापूर्वींच दुसऱ्याचा वर्ण तयार होऊन दाराशीं उभा होता. आणि ज्याची जागा गेली तो 'प' हरवला नाहीं. तो जाऊन 'भाजी'च्या मोकळ्या घरांत बसला. म्हणजे शब्दांतील घरें निराळीं आणि त्यांत राहावयास येणारे वर्ण निराळे! शिवाय आरंभींचा वर्ण बहुधा आरंभींच्याच वर्णाशीं जागा बदलतो. व्यंजनाची जागा व्यंजन घेतें, स्वराची स्वर. चूक झाली तरी ती भाषेच्या शिस्तींत होते : मराठी शब्दाच्या आरंभीं 'ळ' येत नाहीं, म्हणून घसरलेली जीभहि त्याला तेथें नेऊन बसविण्याचा संभव फार थोडा. आणि निरर्थक अक्षरांपेक्षां अर्थ असलेला शब्द चुकून निघण्याकडे कल अधिक असतो, हें बार्स, मॉटली आणि मॅके ह्यांनीं १९७५ सालीं प्रयोगानें दाखविलें. 'भोळी' आणि 'पाजी' हे दोन्ही शब्द मराठींत आहेत, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

जी गोष्ट एका माणसाच्या तोंडीं क्षणभर घडते, तिच्यासारखीच गोष्ट समाजाच्या तोंडीं कायमची घडली म्हणजे तिला भाषेचा इतिहास म्हणतात. नुकसानाचें नुस्कान, मतलबाचें मतबल आणि वाराणसीचें बनारस हीं वर्णविपर्ययाचीं उदाहरणें व्याकरणांत आपण पाठ केलेलीं असतात. परंतु तीं ज्या कारखान्यांत तयार झालीं त्याचें दार ह्या घरगुती चुकांनीं किलकिलें होतें. कार्ल लॅशले ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९५१ सालीं ह्यावरून एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. एक ध्वनि दुसऱ्याला हात धरून ओढून आणतो, ही जुनी कल्पना त्यानें अपुरी ठरविली. पुढें यावयाचे अनेक घटक एकाच वेळीं जागृत झालेले असतात, आणि त्यांना रांगेंत उभें करण्याचें काम स्वतंत्र आहे, असें त्यानें दाखविलें. रांग लावणारा चुकला कीं भोळी-पाजी होते.

अर्थ आणि ध्वनि हे एकाच कोठारांत नसतात, ह्याचा दुसरा पुरावा तर रोजच्या व्यवहारांतला आहे. एखाद्याचें नांव 'अगदीं ओठांवर' असतें. माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो, त्याचें घर, त्याचा धंदा, त्याचा स्वभाव सगळें आठवतें. नांव मात्र येत नाहीं. ब्राउन आणि मॅकनील ह्यांनीं १९६६ सालीं ह्या अवस्थेचा अभ्यास केला, तेव्हां असें दिसलें कीं, अडलेल्या माणसाला शब्दाचें पहिलें अक्षर किंवा अक्षरांची संख्या पुष्कळ वेळां बरोबर सांगतां येते. म्हणजे अर्थ हजर, शब्दाचा सांगाडा अर्धामुर्धा हजर, आणि वर्ण गैरहजर! तिन्ही एकाच वेळीं येत असते, तर ही त्रिशंकूची अवस्था कोणाला अनुभवावयास मिळालीच नसती.

ह्या सर्व साहित्यावरून दोन पंथ निर्माण झाले. हॉलंडमधील नायमेखन येथील विलेम लेव्हेल्ट ह्यांनीं १९८९ च्या आपल्या ग्रंथांत, आणि पुढें १९९९ सालीं सहकाऱ्यांसह, अशी मांडणी केली कीं, बोलणें हें एका दिशेनें वाहणारें पाणी आहे : आधीं कल्पना, मग तिला साजेसा शब्द, मग त्या शब्दाचे वर्ण, मग वर्णांचीं अक्षरें, आणि शेवटीं अवयवांना आज्ञा. चित्र दाखवून त्याचें नांव सांगावयास लावलें तर सुमारें ६०० सहस्रांश सेकंदांत माणूस बोलूं लागतो. २००४ सालीं इंडेफ्राय आणि लेव्हेल्ट ह्यांनीं अनेक प्रयोग एकत्र करून त्या वेळेची वांटणी केली. ढोबळ मानानें १७५ पर्यंत कल्पना, २५० पर्यंत शब्दाची निवड, ४५५ पर्यंत वर्ण आणि अक्षरें, आणि उरलेला काळ उच्चाराच्या सिद्धतेचा. उलट पक्षीं गॅरी डेल ह्यांनीं १९८६ सालीं असें प्रतिपादिलें कीं, हें पाणी उलटेंहि वाहतें. वर्ण जागे झाले कीं ते आपल्या ओळखीचे दुसरे शब्दहि जागे करतात. भोळी-पाजीसारख्या चुका अर्थपूर्ण शब्दांकडे झुकतात, ह्याचें त्यांनीं दिलेलें कारण हेंच आहे. एका पंथाच्या मतें ध्वनि हुजऱ्या आहे. दुसऱ्याच्या मतें तो हुजऱ्या असूनहि धन्याच्या कानाला लागणारा आहे.

आतां प्रत्यक्ष मेंदूंत काय दिसतें? एडवर्ड चँग आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१३ सालीं दाखविलें कीं, उच्चाराचें नियमन करणाऱ्या मेंदूच्या पट्ट्यांत ओठ, जबडा, जीभ आणि कंठ ह्यांची कांहीं एक व्यवस्था आहे, आणि वर्णांचे गट त्या व्यवस्थेनुसार पडतात. पुढें २०२४ सालीं अमेरिकेंतील मॅसाच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांचा एक निबंध 'नेचर' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं आलेल्या आणि त्या वेळीं जाग्या असलेल्या पांच रुग्णांच्या संमतीनें, केंसासारख्या बारीक साधनांनीं मेंदूच्या पुढच्या भागांतील एकेका पेशीचें स्फुरण टिपण्यांत आलें. शब्द उच्चारला जाण्यापूर्वींच कांहीं पेशींच्या स्फुरणावरून त्यांत कोणत्या स्थानाचे आणि प्रकारचे वर्ण येणार, हें ओळखतां येत होतें. कांहीं पेशी वर्णांच्या क्रमाशीं, कांहीं अक्षरांच्या रचनेशीं, तर कांहीं प्रत्ययांशीं निगडित होत्या. स्वतः बोलण्याची तयारी आणि दुसऱ्याचें ऐकणें ह्यांतील भेदहि त्यांच्या वागण्यांत दिसला. लॅशलेनें तर्कानें ज्याचें अस्तित्व सांगितलें, तो रांग लावणारा कारभारी अशा रीतीनें प्रथमच कामावर असतांना पाहण्यांत आला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ह्या बातमीनें आपल्याकडील कित्येकांचा ऊर भरून येण्याचा संभव आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही आपली वर्णमाला मेंदूंतच कोरलेली निघाली, असें म्हणण्याचा मोह कोणालाहि होईल. तो आवरावा, अशी आमची विनंति आहे. पेशींना कोणते प्रश्न विचारावयाचे हें संशोधकांनीं आधीं ठरविलें होतें. वर्णांची स्थानवार विभागणी त्यांनीं ध्वनिशास्त्रांतून उचललेली होती, आणि त्या शास्त्रावर आपल्या शिक्षाग्रंथांचें ऋण पूर्वींच होतें. तेव्हां उत्तरांत आपल्या विभागणीचा चेहरा दिसला, ह्यांत प्रश्नाचाहि वांटा आहे. शिवाय रुग्ण पांचच, आणि भाषा इंग्रजी. इंग्रजींत 'ळ' नाहीं, 'ण' नाहीं, 'प' आणि 'फ' ह्यांचा भेद आपल्यासारखा अर्थभेदक नाहीं. मराठी बोलणाऱ्याच्या मेंदूंत 'न' आणि 'ण' कसे वेगळे उभे राहतात, हें ह्या प्रयोगावरून कळण्यासारखें नाहीं. प्राचीनांनीं मुखाचें निरीक्षण अप्रतिम केलें. मेंदूचें केलें नाहीं. पहिल्या गोष्टीचें श्रेय पुरतें मोठें आहे. त्यांत दुसरीची भर घालण्याचें कारण नाहीं.

हें सर्व हातीं घेऊन आतां काव्याकडे वळूं. मम्मटानें काव्याचे तीन वर्ग केले आणि ज्यांत व्यंग्यार्थ नाहीं, केवळ शब्दांची अथवा अर्थाची चित्रकारी आहे, त्याला खालच्या वर्गांत बसविलें. आपल्या वामन पंडिताला 'यमक्या वामन' हें नांव पडलें तें निव्वळ स्तुतीचें खास नव्हे. मोरोपंतांच्या कवितेवर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमालेंत विस्तारानें लिहिलें, तरी केशवसुतांनंतरच्या वाचकाला यमकाचा सोस हा कृत्रिमपणा वाटूं लागला तो लागलाच. ह्या रुचिपालटाच्या मुळाशीं असलेली कल्पना लेव्हेल्टच्या एका दिशेनें वाहणाऱ्या पाण्याशीं जुळती आहे : अर्थ आधीं, ध्वनि मागून. मग जो कवि ध्वनि आधीं धरून त्याच्यासाठीं अर्थ शोधतो, तो प्रवाहाच्या उलट पोहणारा ठरतो, आणि त्याची धाप वाचकाला ऐकूं येते. ह्या टीकेंत सत्य आहे. ज्या आर्येंत यमकासाठीं शब्द ओढून आणला आहे आणि त्या शब्दासाठीं अर्थाला वांकविलें आहे, ती वाचतांना जी अडखळ होते ती कोणी तर्कानें नाकारूं शकत नाहीं.

परंतु हें अर्धेंच सत्य होय. डेल ह्यांच्या मताप्रमाणें वर्ण जागे होऊन शब्दांना जागे करीत असतील, तर ध्वनीनें शब्द सुचविणें ही कवीची कसरत नसून प्रत्येक बोलणाऱ्याच्या मेंदूंत चालणारी नित्याची गोष्ट आहे. कवि तिला दाबून न टाकतां तिचा उपयोग करतो, इतकेंच. ह्या बाबतींत दोन प्रयोग टीकाकारांनीं मुद्दाम ध्यानांत घेण्यासारखे आहेत. अँटिये मायर ह्यांनीं १९९० च्या सुमारास दाखविलें कीं, सांगावयाच्या शब्दांचा आरंभ एकच आहे हें आधीं ठाऊक असलें, तर शब्द लौकर उच्चारला जातो. शेवट सारखा असून तसा लाभ होत नाहीं. वर्णांची तयारी पुढून मागें होते, असा त्याचा अर्थ. पण शब्द एकामागून एक भराभर म्हणावयाचे असले म्हणजे चित्र पालटतें. सेव्हल्ड आणि डेल ह्यांना १९९४ सालीं आढळलें कीं, तेथें सारखा आरंभ अडचण करतो आणि सारखा शेवट मदत करतो. कारण आरंभ सारखा असला कीं तो चुकीच्या शेवटाकडे बोट दाखवितो. कच्च्या आणि पक्क्या पापडांचा आपला प्रसिद्ध उच्चारखेळ मुलांची जीभ ज्या खड्ड्यांत पाडतो, तो खड्डा अशाच साम्याच्या वाटेवर आहे.

ह्यावरून आम्ही जें अनुमान काढतों तें आमचें आहे, त्या प्रयोगकर्त्यांचें नव्हे. शब्दालंकार ही एक जात नाहीं. आरंभींच्या वर्णांचा अनुप्रास थोडक्यांत असला तर जिभेला वेग देतो, फार झाला तर तिला अडवितो. म्हणून तो मिठासारखा वापरावा. शेवटचें यमक मात्र म्हणणाऱ्याला हात देणारें आहे. ओवीचे पहिले तीन चरण यमकानें बांधलेले असतात, ही गोष्ट जात्यावर बसून, दळतां दळतां, पुस्तकावांचून ओवी म्हणणाऱ्या बाईच्या दृष्टीनें पाहिली म्हणजे तिला दागिना म्हणवत नाहीं. ती अंधारांतल्या जिन्याची दोरी होय. मोरोपंतांची आर्या कीर्तनकाराच्या तोंडीं जी सुखानें खेळली तीहि ह्याच आधारावर. जी कविता कागदावरून डोळ्यांनीं वाचावयाची, तिच्या मापानें मुखांत राहणाऱ्या कवितेला मोजणें हा न्याय नव्हे. मम्मटाचा निवाडा अर्थाच्या न्यायालयांतला आहे. वाणीच्या न्यायालयांत त्या खटल्याची फेरतपासणी होणें अवश्य आहे.

आतां दुसरा निवाडा, पोपटपंचीचा. नाशिक हें वेदाध्ययनाचें जुनें क्षेत्र. तेथें पद, क्रम, जटा, घन हे पाठ पिढ्यान् पिढ्या घटविले गेले. ज्यांना ह्या पाठांची माहिती नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. तीन शब्दांना १, २, ३ अशीं चिन्हें दिलीं, तर क्रमपाठांत १-२, २-३ असें म्हणतात. जटेंत १-२, २-१, १-२. आणि घनांत १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३. असें म्हणतच सबंध संहिता पुढें सरकते. दंड हा अशा आठ विकृतींपैकींच एक. २०२५ सालीं काशी येथें देवव्रत महेश रेखे ह्या महाराष्ट्रांतील तरुणानें शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचें दंडक्रम पारायण ५० दिवसांत पुरें केलें, तेव्हां त्याच्या पूर्वीं सुमारें दोनशें वर्षांमागें तें करणारे म्हणून नाशिकच्या वेदमूर्ति नारायणशास्त्री देव ह्यांचें नांव वृत्तपत्रांतून पुनः लोकांसमोर आलें.

अशा पठणाला पोपटपंची म्हणणाऱ्यांनीं एक गोष्ट पाहिलेली नसते. शब्द उलटे केले कीं त्यांच्या सांध्यावरील वर्ण बदलतात. १-२ मध्यें जो संधि होता तो २-१ मध्यें राहत नाहीं. नवा संधि, नवा स्वर, आणि तोहि क्षणांत. अशी उलटी जोडी अर्थाच्या दृष्टीनें निरर्थक असते; म्हणून अर्थ येथें मदतीला येत नाहीं. वर म्हटलेल्या साखळींतील पहिल्या दोन कड्या काढून घेऊन मधली कडी, म्हणजे वर्णांची रांग लावणारी कडी, एकटीच वर्षानुवर्षें राबविली जाते. पोपट ऐकलेलें परत करतो. त्याला उलटा संधि करतां येत नाहीं. तेव्हां ह्या पठणांत अर्थबोध नाहीं, हा आक्षेप खरा. पण त्यांत बुद्धि नाहीं, हा आक्षेप खोटा.

ट्रेंटो विद्यापीठाशीं संबद्ध असलेल्या जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत २१ वेदपाठी पंडितांच्या मेंदूंची तितक्याच इतरांच्या मेंदूंशीं तुलना केली होती. भाषा, स्मरण आणि दृष्टि ह्यांच्याशीं संबंध असलेल्या अनेक भागांत पंडितांच्या मेंदूचा करडा थर अधिक आढळला. हाहि अभ्यास तारतम्यानें घ्यावा. पठणानें मेंदू तसा झाला, कीं तशा मेंदूचीं मुलेंच पठणांत टिकलीं, हें एकदां घेतलेल्या मापानें ठरत नाहीं. शिवाय मंत्रांच्या अंगच्या कोणा गूढ शक्तीचा तो दाखला नव्हे.

आणि एक गोष्ट नाशिकच्या संदर्भांत न बोलून चालणार नाहीं. वाणीची ही असामान्य तालीम शतकानुशतकें थोड्या पुरुषांपुरती कुलपांत होती. ज्या गांवांत ती चाले त्याच गांवांत १९३० च्या मार्चमध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराच्या दारांत सत्याग्रह करावा लागला. मेंदूंतील रांग लावणाऱ्या त्या पेशींना जात आणि लिंग ठाऊक नाहीं. शेंकडों ओव्या जिभेवर वागविणारी शेतकरीण आणि सिन्नर तालुक्यांतील देशवंडीचे शाहीर वामनदादा कर्डक ह्यांच्यापाशींहि तीच शक्ति होती. वेदपाठाचें कौतुक करतांना त्यांना वगळलें, तर तें कौतुक वाणीचें न राहतां कुळाचें होतें.

शेवटीं ह्या विषयाची एक घरगुती बाजू आहे, आणि आमच्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची होय. १८६१ सालीं पॅरिस येथें ब्रोका ह्या डॉक्टरानें अशा एका रुग्णाची हकीकत मांडली कीं, त्याला समजत पुष्कळ होतें पण त्याच्या तोंडून 'टॅन' ह्या एका अक्षराखेरीज जवळ जवळ कांहीं निघत नसे. मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागांत बिघाड सांपडला. आजहि अर्धांगाच्या झटक्यानंतर कित्येक घरांत असें दिसतें कीं, आजोबांना 'पाणी' हा शब्द सांपडत नाहीं, पण अंक ओळीनें म्हणतां येतात किंवा लहानपणीं पाठ झालेलें स्तोत्र सरळ म्हणतां येतें. घरचीं माणसें गोंधळतात. कोणाला तें सोंग वाटतें, कोणाला बुद्धिभ्रंश. दोन्ही नव्हे. विचार करून शब्द जुळविण्याची वाट आणि घटवून घटवून रुळलेल्या बोलण्याची वाट ह्या पुष्कळ अंशीं वेगळ्या आहेत, हें ह्यूलिंग्ज जॅक्सन ह्या इंग्रज डॉक्टरानें एकोणिसाव्या शतकांतच ओळखलें होतें. पहिली वाट बुजली तरी दुसरी शिल्लक राहूं शकते. ज्याला आपण पोपटपंची म्हणून हिणवलें, तेंच अशा वेळीं त्या माणसाजवळ उरलेलें बोलणें असतें. आणि ह्या उरलेल्या वाटेवरून, सूर आणि ताल ह्यांच्या साह्यानें, कांहीं रुग्णांना पुनः शब्दांकडे नेण्याचा प्रयत्न वाचोपचार करणारे लोक करतात.

तोतरें बोलणाऱ्या मुलाचेंहि असेंच. त्याला काय म्हणावयाचें तें ठाऊक असतें, शब्दहि ठाऊक असतो. अडते ती उच्चाराची सिद्धता आणि तिची वेळ. त्याची बुद्धि मंद नसते आणि तो हट्टीहि नसतो. हा दोष कित्येक घराण्यांत वंशानें चालत आलेला दिसतो. 'नीट बोल' असें दरडावून साखळींतील ती कडी सुधारत नाहीं. तसेंच 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्याला अशुद्ध ठरवून हंसणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, महाराष्ट्राच्या अनेक बोलींत त्या जागीं 'न' हाच रुळलेला वर्ण आहे. बोलणाऱ्याची वाणी त्याच्या घरच्या भाषेच्या नियमानें अचूक तयारी करीत असते. ती चूक नव्हे. ती दुसरी व्यवस्था आहे.

तात्पर्य, अर्थ हा धनी आणि ध्वनि हा हुजऱ्या, हा हिशेब साहित्यांतहि टिकत नाहीं आणि घरांतहि टिकत नाहीं. अर्थ बहुधा पुढें चालतो हें खरें. पण ध्वनीला स्वतःचें घर, स्वतःची शिस्त आणि स्वतःची स्मृति आहे. टीकाकारांनीं यमकाला दोष देण्यापूर्वीं ती कविता एकदां मोठ्यानें म्हणून पाहावी. शिक्षकांनीं पाठांतर काढून टाकण्यापूर्वीं त्यानें काय घडतें आणि काय घडत नाहीं, ह्याचा विचार करावा. त्याच्या जोडीला अर्थ द्यावा, त्याच्या जागीं नव्हे. आणि आपल्यासमोर कोणी बोलतां बोलतां अडला, तर त्याचा शब्द आपण घाईनें पुरा करूं नये. अर्थ आलेला असतो. वर्ण रांगेंत उभे राहत असतात. तेवढा वेळ थांबणें हें ऐकणाऱ्याचें काम आहे.